संशोधन-नियतकालिकांची मुक्तता आणि तिचा खर्च

ज्ञान सर्वांस खुले असावे, या तत्त्वाविषयी विद्वज्जनांत फारसा मतभेद आढळत नाही. मतभेद सुरू होतो तो खर्चाचा प्रश्न पुढे आल्यावर. एखाद्या शोधनिबंधाचे वाचन वाचकाला विनामूल्य करून दिले, तरी त्याच्या प्रकाशनाचा खर्च नाहीसा होत नाही. तो एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जातो इतकेच. तो कोणाच्या खांद्यावर ठेवला असता विद्येचे हित साधते आणि कोणाच्या खांद्यावर ठेवला असता जुन्या अडथळ्याच्या जागी नवा अडथळा उभा राहतो, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विवेचनासाठी मुख्यतः भाषाविज्ञानातील नियतकालिके घेतली आहेत. कारण या प्रश्नाचे बहुतेक पैलू गेल्या काही वर्षांत याच क्षेत्रात ठळकपणे प्रकट झाले आहेत.

प्रथम संज्ञेविषयी थोडेसे. ज्याला आज ‘ओपन ॲक्सेस’ म्हणतात, त्याची व्याख्या बुडापेस्ट येथे डिसेंबर २००१ मध्ये भरलेल्या बैठकीतून निघालेल्या आणि १४ फेब्रुवारी २००२ रोजी प्रसिद्ध झालेल्या निवेदनात आढळते. इंग्रजीतील ‘फ्री’ या शब्दाने ‘पैसे न पडणारे’ आणि ‘निर्बंध नसलेले’ असे दोन्ही अर्थ व्यक्त होतात. मराठीत ही अडचण नाही. ‘मोफत’ निराळे आणि ‘मुक्त’ निराळे. (‘फुकट’ या शब्दात तर वस्तूचे मोलही कमी करण्याची छटा आहे, येथे तो टाळलेलाच बरा.) बुडापेस्टच्या निवेदनाला अभिप्रेत होती ती केवळ मोफत वाचनाची सोय नव्हे. निबंध उतरवून घेणे, त्याच्या प्रती वाटणे, त्यातील मजकुराचा यंत्राद्वारे शोध व विश्लेषणासाठी उपयोग करणे, हे सारे तीत येते. मराठीचा शब्दसंग्रह अथवा वाक्यसंग्रह सिद्ध करणाऱ्या अभ्यासकाला हा भेद तात्काळ पटेल. जे वाचण्याची मुभा आहे ते संग्रहात घेण्याची मुभा असतेच असे नाही.

आता खर्चाकडे वळू. शोधनिबंधाचा लेखक मानधन घेत नाही. परीक्षण करणारे तज्ज्ञही घेत नाहीत. संपादकाला मिळाले तर अल्पसे मिळते. उरतो तो पत्रव्यवहार, भाषाशुद्धी, अक्षरजुळणी, तांत्रिक व्यवस्था आणि निबंध कायमचा जतन करून ठेवण्याची तरतूद यांचा खर्च. पूर्वी हा सर्व भार वर्गणीच्या रूपाने वाचकाकडून, म्हणजे वस्तुतः त्याच्या ग्रंथालयाकडून, वसूल होई. छापील अंकांच्या काळात ते स्वाभाविक होते, कारण प्रत्येक जादा प्रतीला कागद लागत असे. विद्युत्-माध्यमात जादा वाचकाचा जादा खर्च जवळजवळ शून्य झाला. वर्गण्या मात्र उतरल्या नाहीत, किंबहुना चढतच गेल्या. या विसंगतीतून पुढील सर्व प्रयोग जन्मास आले.

यांपैकी सर्वांत अधिक रूढ झालेला प्रयोग म्हणजे लेखकाकडून शुल्क घेण्याचा. अमेरिकेतील ‘पब्लिक लायब्ररी ऑफ सायन्स’ या संस्थेने २००३ मध्ये ‘प्लॉस बायॉलॉजी’ हे नियतकालिक काढले, तेव्हा निबंध स्वीकृत झाल्यावर १५०० डॉलर आकारण्याची पद्धत ठेवली. वैद्यक व जीवशास्त्र यांतील संशोधन मोठ्या अनुदानांवर चालते. त्यांच्या अंदाजपत्रकात हे शुल्क एक लहानशी बाब म्हणून सामावून जाते. परंतु एकदा दार उघडल्यावर शुल्काला वरची मर्यादा राहिली नाही. ‘नेचर’ने २०२१ पासून निबंध मुक्त करण्यासाठी आकारलेले शुल्क ९५०० युरो होते. जर्मनीतील विद्यापीठांनी २०१९ मध्ये वायली या प्रकाशनसंस्थेशी देशव्यापी करार केला, त्यात दर निबंधास २७५० युरो असा हिशेब धरण्यात आला. त्या देशातील लेखकाला याची झळ लागत नाही, कारण त्याची संस्था परस्पर पैसे भरते. तथापि तोच दर अन्य देशांतील लेखकाच्या दृष्टीने पाहिला, म्हणजे त्याचे खरे स्वरूप दिसते.

मेळघाटातील कोरकू अथवा बुलढाणा जिल्ह्यातील निहाली यांसारख्या भाषेचे ध्वनिमुद्रण करणारा अभ्यासक बहुधा स्वतःच्या रजेत आणि स्वतःच्या पैशाने हिंडत असतो. जुन्या व्यवस्थेत त्याला परदेशी नियतकालिक वाचता येत नसे, पण त्यात लिहिता येत असे. लेखक-शुल्काच्या व्यवस्थेत त्याला सर्व काही वाचता येते आणि लिहिणे दुष्कर होते. मुक्ततेचा हेतू ज्याच्यासाठी होता, त्याचे स्थान लेखकाऐवजी श्रोत्याचे होऊन बसते. गरीब देशांसाठी शुल्कमाफी असते हे खरे. परंतु अनेक प्रकाशक ‘रिसर्च फॉर लाइफ’ या उपक्रमाची देशांची यादी प्रमाण मानतात, आणि तीत भारताचा समावेश नाही.

या पद्धतीचा आणखी एक परिणाम महाराष्ट्रातील विद्यापीठांस विशेष परिचित आहे. ज्या व्यवस्थेत प्रत्येक स्वीकृत निबंधामागे पैसा मिळतो, तीत नकार देणे हा तोटा असतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या नियमांनी पीएच. डी. चा प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध प्रसिद्ध होणे आवश्यक केले होते. सक्तीची मागणी आणि पैसे घेऊन छापण्याची तयारी यांची गाठ पडली, आणि परीक्षणाचा केवळ देखावा करणाऱ्या नियतकालिकांचे पीक आले. त्यांना आवर घालण्यासाठी आयोगाने ‘केअर’ ही मान्य नियतकालिकांची यादी सुरू केली व तिच्या छाननीचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील कक्षाकडे सोपविले. पुढे २०२२ च्या नियमांनी निबंधाची सक्ती गेली, आणि २०२५ मध्ये ती यादीही बंद झाली. दोष केवळ नियमांचा नव्हता. शुल्क घेण्याची जागा चुकली होती, हेही तितकेच खरे.

याच प्रश्नावर भाषाविज्ञानात जो संघर्ष झाला, तो थोड्या विस्ताराने पाहणे उचित होईल. ‘लिंग्वा’ हे १९४९ पासून चालत आलेले, सामान्य भाषाविज्ञानातील अग्रगण्य नियतकालिक. त्याची प्रकाशक एल्सेव्हिअर ही कंपनी. योहान रूरिक यांच्या नेतृत्वाखालील संपादकांनी २०१५ मध्ये कंपनीपुढे मागण्या ठेवल्या : नियतकालिक पूर्णतः मुक्त करावे, लेखक-शुल्क ४०० युरोपेक्षा अधिक नसावे, निबंधांचे स्वामित्व लेखकांकडे राहावे आणि नियतकालिकाच्या नावाची मालकी संपादकांकडे द्यावी. एवढ्या शुल्कात नियतकालिक चालविणे परवडणार नाही, अशी कंपनीची भूमिका होती. तेव्हा सहाही संपादक आणि संपादक मंडळाचे एकतीस सदस्य यांनी राजीनामे दिले व ‘ग्लॉसा’ हे नवे नियतकालिक स्थापिले. त्याचा आरंभ २०१६ मध्ये झाला. ‘लिंग्वा’ हा लॅटिन शब्द, ‘ग्लॉसा’ हा ग्रीक. अर्थ दोहोंचा एकच, जीभ अथवा भाषा. नाव नेता आले नाही, म्हणून अर्थ नेला, असे म्हणावयास हरकत नाही.

या घटनेत सर्वांत बोधक भाग मालकीचा आहे, आणि नेमका तोच चर्चेत मागे पडतो. एखाद्या नियतकालिकाची प्रतिष्ठा निर्माण होते ती लेखक, परीक्षक व संपादक यांच्या अनेक वर्षांच्या विनावेतन श्रमांतून. परंतु ती साठते नावात, आणि नाव असते प्रकाशकाचे. ‘लिंग्वा’ नव्या संपादकांसह पुढे चालू राहिले, ते या कायदेशीर वस्तुस्थितीमुळे. नवे नियतकालिक काढणाऱ्यांना शून्यापासून आरंभ करावा लागला. नोकरी अथवा बढतीसाठी नाव पाहणाऱ्या समित्यांपुढे तरुण लेखकांना काही काळ जोखीम पत्करावी लागली. भाषाविज्ञानाचा अभ्यासकवर्ग लहान व परस्परांस ओळखणारा असल्यामुळे बहुतेक जण संपादकांमागोमाग गेले. प्रत्येक विषयात असे घडेल, असे समजण्याचे कारण नाही.

मग ‘ग्लॉसा’चे ते ४०० युरो कोणी दिले? ज्या लेखकांपाशी अनुदान नव्हते, त्यांचे शुल्क पहिली काही वर्षे ‘लिंगोए’ या संस्थेने भरले. तिला नेदरलँड्समधील विद्यापीठांची संघटना आणि तेथील संशोधन परिषद यांचे साहाय्य होते. त्यानंतर हा भार ‘ओपन लायब्ररी ऑफ ह्युमॅनिटीज’ या संस्थेने उचलला. मार्टिन ईव्ह व कॅरोलाइन एडवर्ड्‌स यांनी लंडनच्या बर्कबेक महाविद्यालयात उभारलेली ही संस्था आरंभी मेलन प्रतिष्ठानाच्या अनुदानावर चालली. पुढे तीनशेहून अधिक ग्रंथालये तिला दरवर्षी ठरावीक रक्कम देऊ लागली. या पैशातून अनेक नियतकालिके निघतात. लेखकाला शुल्क नाही आणि वाचकालाही नाही. २०२१ पासून ‘ग्लॉसा’ त्याच व्यासपीठावर प्रसिद्ध होते.

येथे ‘वर्गणी’ हा मराठी शब्द मोठा मार्मिक ठरतो. नियतकालिकाची वर्गणी म्हणजे अंकाची किंमत; ती न देणाऱ्याला अंक मिळत नाही. सार्वजनिक गणेशोत्सवाची वर्गणी मात्र निराळी असते. ती न देणाऱ्यालाही दर्शन घडते, प्रसादही मिळतो. देणारा आपल्यापुरते काही विकत घेत नाही, तर सर्वांची गोष्ट उभी राहावी म्हणून आपला वाटा उचलतो. एकाच शब्दाच्या या दोन अर्थांमधील अंतर कापण्याचा प्रयत्न म्हणजेच ग्रंथालयांच्या सामूहिक साहाय्याची ही नवी पद्धत होय. अर्थात उत्सव-मंडळांना जी चिंता नेहमी असते, तीच येथेही आहे : सर्वांनी ‘दुसरा देईलच’ असे मानले, तर मांडव उभा राहणार नाही.

ही चिंता ओळखून ‘ॲन्युअल रिव्ह्यूज’ या ना-नफा तत्त्वावरील संस्थेने एक चतुर तोडगा काढला. तिने जुन्या वर्गणीदार ग्रंथालयांस सांगितले की, नेहमीप्रमाणे वर्गणी भरा. पुरेशा ग्रंथालयांनी ती भरली तर त्या वर्षीचा खंड जगाला मुक्त होईल. न भरल्यास तो केवळ वर्गणीदारांपुरता राहील. म्हणजे वर्गणी थांबविणाऱ्याला ‘आपल्याविनाही मिळेलच’ ही खात्री उरत नाही. शिवाय ग्रंथालयाच्या हिशेबात ती ‘देणगी’ न ठरता वर्गणीच राहते. लेखापरीक्षकांशी ज्यांचा संबंध येतो, त्यांना याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. हा प्रयोग २०२३ मध्ये संस्थेच्या सर्व ५१ नियतकालिकांना लागू झाला. ‘ॲन्युअल रिव्ह्यू ऑफ लिंग्विस्टिक्स’ हे त्यांपैकी एक.

ही कल्पना केवळ पाश्चात्त्य आहे, असे समजणे मात्र चूक ठरेल. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयाच्या आणि के. ई. एम. रुग्णालयाच्या अध्यापक-वर्गाची संस्था १९५५ पासून ‘जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन’ प्रसिद्ध करीत आली आहे. हे नियतकालिक आणि त्याच्यासारखी इतर अनेक, मुंबईतील ‘मेडनो’ या प्रकाशनसंस्थेने जगाला विनामूल्य वाचता येतील अशी केली. लेखकाकडून शुल्क न घेता, छापील अंकाची वर्गणी व जाहिराती यांवर खर्च भागविण्याची ती पद्धत होती. छापील अंक घेणारा निराळा आणि पडद्यावर वाचणारा निराळा, हे त्यांनी वेळीच ओळखले. ‘मेडनो’ २०११ मध्ये वोल्टर्स क्लुवर या बहुराष्ट्रीय कंपनीकडे गेली. परंतु ‘लिंग्वा’च्या संपादकांना जे लाभले नव्हते, ते येथे प्रथमपासून होते : नियतकालिक प्रकाशकाचे नसून विद्वत्-संस्थेचे होते.

भारत सरकारने निवडलेला मार्ग मात्र याहून निराळा आहे. ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, केंद्र व राज्य शासनांच्या ६३०० हून अधिक संस्था, आणि सुमारे १ कोटी ८० लक्ष विद्यार्थी, अध्यापक व संशोधक, असा तिचा व्याप आहे. हिशेब केल्यास दर माणशी वर्षाला सुमारे अकराशे रुपये पडतात. जिल्ह्याच्या ठिकाणच्या शासकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्याला जे पूर्वी अप्राप्य होते ते यामुळे मिळते, आणि हा लाभ लहान नाही. लेखकांच्या शुल्कासाठीही योजनेत काही तरतूद आहे. परंतु ही वर्गणी पहिल्या अर्थाची आहे, दुसऱ्या नव्हे. संस्थेच्या कुंपणाबाहेरचा शाळाशिक्षक, निवृत्त प्राध्यापक, स्वतंत्रपणे बोलींचा अभ्यास करणारा लेखक, हे बाहेरच राहतात. देशाने पैसे दिल्यानंतरही एकही निबंध त्या पैशामुळे जगाला मुक्त होत नाही. प्रवेश मिळतो तो मुदतीपुरता. ती मुदत २०२७ अखेर संपते, आणि त्यानंतरच्या दराविषयी प्रकाशकांशी नव्याने बोलावे लागेल. ‘पुरेशी वर्गणी जमल्यास सर्वांना मुक्त’ ही अट त्या वाटाघाटीत मांडता येण्याजोगी आहे. एवढा मोठा वर्गणीदार ती मांडतो की नाही, इतकाच प्रश्न आहे.