आजीसाठी फ्रेंच जेवण

पीथमपुरात फ्रेंच जेवण शोधायला कुणी निघत नाही. सकाळी पोहे-जलेबी, पाहुणे आले तर दाल-बाफले आणि फारच हौस आली तर इंदूरचा सराफा, इथवर आपली धाव. पण आपल्या घरची मुलं आता पुण्या-मुंबईला नोकरीला आहेत. आई-बाबा, आजी भेटायला गेले की त्यांना कुठेतरी वेगळ्या ठिकाणी जेवायला न्यावं असं या मुलांना वाटतं. पहिल्या पगाराचं जेवण असेल तर विचारूच नका! मग एखादं छोटंसं फ्रेंच रेस्टॉरंट ठरतं. मोजकी टेबलं, मंद पिवळे दिवे, फळ्यावर खडूने लिहिलेले पदार्थ. पुण्यात प्रभात रस्त्यावरचं, शेफ सिद्धार्थ महाडिक यांनी सुरू केलेलं 'ल प्लेझीर' याच धाटणीचं.

जागा छान असते, पंचाईत पुढे होते. आजी शाकाहारी, बाबांची नजर किमतींच्या रकान्यावर, आणि नेणाऱ्यालाच निम्मी नावं उच्चारता येत नाहीत. शेवटी आजी पाव आणि सॅलड खाऊन "छान होतं हो" म्हणते. तिचं हे "छान होतं" आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. ते टाळायचं तर थोडा अभ्यास आधी घरीच करायला हवा.

सुरुवात शब्दांपासून करू. फ्रान्समध्ये रेस्टॉरंटात 'मेन्यू' मागितला तर बहुधा ठरलेल्या किमतीचं ठरलेलं जेवण समोर येतं, म्हणजे आपली थाळीच. पदार्थांच्या यादीला ते 'कार्त' म्हणतात. 'आ ला कार्त' हा शब्दप्रयोग त्यातूनच आला. 'आंत्रे' शब्दाचा घोळ तर मजेदार आहे. अमेरिकेत तो मुख्य पदार्थासाठी वापरतात, फ्रान्समध्ये सुरुवातीच्या पदार्थासाठी. म्हणून मागवण्याआधी विचारलेलं बरं. विचारण्यात कमीपणा नाही, वाढपी त्यासाठीच उभा असतो.

आता आजीचं ताट. कांद्याचं सूप नावावरून निर्धोक वाटतं, पण पारंपरिक कृतीत ते गोमांसाच्या रश्शात करतात. भारतातली पुष्कळ हॉटेलं भाज्यांचं पाणी वापरतात, तरी विचारल्याशिवाय मागवू नये. 'कीश'मध्ये अंडं असतंच. काही थंड गोड पदार्थांत जिलेटिन असतं, आणि ते प्राण्यांपासून काढतात. चीजचं दूध विरजायला फ्रान्समध्ये पूर्वापार वासराच्या जठरातलं रेनेट वापरत आले. आपल्याकडे बनलेल्या चीजच्या पाकिटावर हिरवा ठिपका पाहिला की प्रश्न मिटतो. सॉसमध्ये वाईन पडते का, तेही आधी फोनवरच विचारून ठेवावं. टेबलावर आजीसमोर ही चौकशी सुरू झाली की ती बिचारी संकोचून जाते आणि "मला काही नको" म्हणून मोकळी होते.

मग तिला द्यायचं काय? रातातुई! वांगी, टोमॅटो, ढोबळी मिरची आणि काकडीच्या जातीची झुकिनी, ऑलिव्ह तेलात सावकाश शिजवलेली. दक्षिण फ्रान्समधल्या नीस शहराची ही भाजी आजीला परकी वाटणार नाही, फक्त "फोडणी राहिली वाटतं" असं ती म्हणेल. क्रेप म्हणजे मैद्याचं धिरडं, पण त्यात अंडं असतं. त्याची ब्रिटनी प्रांतातली बहीण 'गॅलेत' मात्र कुट्टूच्या पिठाची असते. आपल्याकडे उपासाला चालतं तेच कुट्टू. नुसतं पीठ, पाणी आणि मीठ घालूनही गॅलेत होते, फक्त तसं सांगावं लागतं.

एकामागून एक येणाऱ्या पदार्थांचं आपल्या लोकांना दडपण येतं. पण गंमत अशी की फ्रेंच लोकसुद्धा पूर्वी अनेक पदार्थ एकाच वेळी टेबलावर मांडत. एकेक पदार्थ क्रमाने वाढण्याची पद्धत १९ व्या शतकात तिथे रुजली आणि तिचं नावच 'रशियन पद्धत' आहे. आपल्या पंगतीत पान आधीच मांडलेलं असतं, डावी-उजवी बाजू ठरलेली असते, तरीही वरणभात, मग पोळी, मग मागचा भात असा क्रम असतोच. सगळ्यांना वाढून झाल्याशिवाय पहिला घास घ्यायचा नाही, हेही दोन्हीकडे सारखंच. २०१० साली युनेस्कोने फ्रेंचांच्या भोजनपरंपरेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिलं. त्या यादीत आपली पंगत का नसावी, असं मला नेहमी वाटतं.

आणि फ्रेंच काटे-चमचे माळव्यातल्या मराठी माणसाला नवे कुठे आहेत? इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला माणिकबाग महाल बांधवून घेतला. आराखडा जर्मन वास्तुविशारद एकार्ट मुथेसियस यांचा, फर्निचरमध्ये पॅरिसच्या रूलमानचं काम, आणि जेवणाच्या टेबलावर झाँ प्यूफोर्का यांनी घडवलेली चांदीची भांडी. पुढे १९८० मध्ये त्या फर्निचरचा लिलाव मोनॅकोत झाला. २०१९ मध्ये पॅरिसच्या संग्रहालयाने या महाराजांवर खास प्रदर्शन भरवलं. माणिकबागेत आता सरकारी कर कार्यालय आहे. तिथे चकरा मारणाऱ्या किती जणांना हे ठाऊक असेल?

अलीकडचा धागा दुधाचा आहे. लॅक्टालिस ही चीज आणि लोण्यासाठी प्रसिद्ध असलेली फ्रेंच कंपनी. तिने २०१६ मध्ये अनिकचा दुग्धव्यवसाय घेतला आणि त्यासोबत देवासचा प्रकल्पही. २०१९ मध्ये श्रीरामपूरच्या प्रभात डेअरीचा व्यवसायही घेतला. म्हणजे फ्रेंचांना आपल्या दुधाची चव आधीच लागली आहे, आता आपण त्यांच्या जेवणाची घ्यायची एवढंच.

बिलाचं म्हणाल, तर बाबांना आधीच सांगून टाका की आज हिशेब नाही. चौघांत दोन गोड पदार्थ मागवले तरी चालतं, कुणी नावं ठेवत नाही. पाव हाताने तोडून उरलेला सॉस पुसून खाल्ला, तरी घरगुती फ्रेंच टेबलावर ते चालून जातं. आणि रात्री घरी परतल्यावर कुणी हळूच फ्रीज उघडून दहीभात कालवायला घेतला, तर दुसरी वाटी पुढे करावी.