जुन्या ब्राउझरलाही वाचता यावं

आपल्या ई-अंकासाठी पान उलटण्याचा देखावा हवा, असं मंडळात बऱ्याच जणांचं म्हणणं आहे. माझा विरोध नाही, पण आधी ब्राउझर पान कसं वाचतो ते बघू या.

जुनी ओवी वाचताना एखादा शब्द अडला, तर आपण तो ओलांडून पुढे जातो ना? ब्राउझरही तेच करतो. अनोळखी एचटीएमएल टॅग तो सोडून देतो, पण आतला मजकूर दाखवतो. सजावटीच्या सीएसएसचंही तसंच. गोल कोपऱ्यांची ओळ इंटरनेट एक्स्प्लोरर ८ला कळत नाही, मग तो चौकोनी कोपरे काढून मोकळा होतो. बिघडलं काय?

व्हिडिओचा टॅग तर या सवयीवरच बेतलाय. टॅगच्या पोटात व्हिडिओची साधी लिंक ठेवायची. नवा ब्राउझर व्हिडिओ दाखवतो नि लिंक झाकतो. जुन्याला टॅगच कळत नाही, म्हणून त्याच्या वाचकाला लिंक मिळते. तारखेच्या रकान्यातही नव्या ब्राउझरमध्ये कॅलेंडर उघडतं, जुन्यात तारीख हाताने लिहायची.

जावास्क्रिप्ट मात्र एवढी समजूतदार नाही. २०१५ साली तिच्यात बाणाचं चिन्ह घालून फंक्शन लिहायची सोय आली. त्याआधीच्या ब्राउझरला हे चिन्ह दिसलं, की तो तेवढी ओळ सोडत नाही, अख्खी फाइलच नाकारतो. कविता त्या फाइलमधूनच पानावर येणार असेल, तर वाचकापुढे कोरं पान! अपडेट बंद झालेला फोन वापरणारी माणसं आपल्या घराघरांत आहेत. माझ्या आजीकडेही तसलाच आहे, आणि ती अंक पहिल्या पानापासून वाचते.

म्हणून आधी सगळा मजकूर साध्या एचटीएमएलमध्ये, मग सजावट, आणि हलणंडुलणं सगळ्यात शेवटी. २००३ साली या पद्धतीला ‘प्रोग्रेसिव्ह एनहान्समेंट’ असं भारदस्त नाव मिळालं. दोन रकान्यांची मांडणी हवी असेल, तर आधी साधी एकाखाली एक मांडणी लिहायची, तिच्याखाली २०१७ साली मोठ्या ब्राउझरांत आलेल्या ग्रिडची. ज्याला ग्रिड कळतं तो ते घेईल.

मराठीसाठी आणखी एक. मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुन्या फॉन्टांत टाइप केलेली अक्षरं आतून बहुतेक रोमनच असतात. फॉन्ट नसला की ओवीच्या जागी नुसता गिचमिड काला दिसतो.

तपासणी सोपी आहे. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन जावास्क्रिप्ट बंद करा, पान पुन्हा उघडा. कविता दिसली, तर देखाव्याचं बोलू.