दोन इंची पाइप मोजला तर दोन इंच भरत नाही!



रात्रीच्या लाइटीचा आठवडा, पिकाला पाण्याची पाळी, आणि नेमका पाइपलाइनचा जोड निसटतो. सकाळी धावतपळत "दोन इंची सॉकेट" आणावा, तर तो पाइपावर बसतच नाही. दोन्ही दोन इंचीच, मग असं का?

कारण *दोन इंची हे नाव आहे, माप नाही.*

लोखंडी पाइपाला पूर्वी आतल्या पोकळीवरून नाव पडलं, तेच आजही चालतं. दोन इंच म्हणजे ५०.८ मिमी, पण दोन इंची जीआय पाइप बाहेरून सुमारे ६०.३ मिमी भरतो. शेतीचा पीव्हीसी पाइप (आयएस ४९८५) मात्र बाहेरच्या व्यासावरून ओळखतात. आपण ज्याला दोन इंची म्हणतो तो ६३ मिमी, अडीच इंची ७५, तीन इंची ९० आणि चार इंची ११० मिमी.

खरी फसगत होते घरच्या नळकामाच्या पीव्हीसीत. ज्यावर 'शेड्यूल ४०' किंवा 'शेड्यूल ८०' लिहिलेलं असतं, तो दोन इंची पाइपही ६०.३ मिमीचाच. त्याचा सॉकेट ६३ च्या पाइपावर चढत नाही. तीन इंचीत तर ८८.९ आणि ९०, फरक जेमतेम एक मिमी! मग ढिला जोड जास्त सोल्युशन लावून भागवावासा वाटतो. पण सोल्युशन फट बुजवायला नसतं. मोटर चालू होऊन दाब आला, की असा जोड दगा देतो.

*केजीसुद्धा बघा.* ६३ मिमीचा ४ केजी आणि ६ केजी पाइप बाहेरून सारखाच, फरक भिंतीच्या जाडीत. भिंत २ मिमी असेल तर पोकळी उरते ५९ मिमी. म्हणून दर विचारताना मिमी आणि केजी दोन्ही सांगा. नुसतं "दोन इंची स्वस्त मिळाला" याला अर्थ नाही.

*घरच्या घरी मोजा:* पाइपाला सुतळीचा एक वेढा द्या, ती लांबी टेपवर मोजा आणि ३.१४ ने भागा. वेढा १९८ मिमी आला तर पाइप ६३ चा, १८९ आला तर ६०.३ चा.

*दुकानात जाताना:* पाइपावरच्या छापील अक्षरांचा फोटो काढा, वीतभर तुकडा सोबत न्या. जीआयला पीव्हीसी जोडायचा असेल तर आट्यांचा अडॅप्टरच मागा.

पाळी चुकण्यापेक्षा पाच मिनिटं मोजलेलं बरं! 🌱