ठेव बुडाली, तर उत्तरदायी कोण?
बोदवडसारख्या कापसाच्या बाजारपेठेत पैसे ज्या पाटीखाली ठेवले जातात ती बँकेची आहे की पतसंस्थेची, यावर ठेवीदाराचे नुकसान कोण भरून देणार हे ठरते. सहकारी बँक बुडाल्यास ठेव विमा महामंडळ ४ फेब्रुवारी २०२० पासून व्याजासह कमाल ५ लाख रुपये देते. पतसंस्थेला, म्हणजे सभासदांच्या ठेवींतून सभासदांनाच कर्ज देणाऱ्या संस्थेला, हे कवच नाही. जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी मल्टिस्टेट पतसंस्थेच्या ठेवीदारांना हा फरक फार महागात पडला. २०१५ मध्ये तिच्या संस्थापकाला अटक झाली आणि त्याच वर्षी अवसायक, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवणारा अधिकारी, नेमला गेला. मात्र २०२० मध्ये पोलिसांनी अवसायनाच्या कारभाराबाबतच गुन्हा नोंदवला. अडलेल्या ठेवीदाराची पावती निम्म्याहूनही कमी पैशांत मिळवायची आणि कर्जदाराच्या खात्यात ती पूर्ण रकमेने वळती करायची, असा आरोप होता. तो खरा असेल, तर ज्याने राखायचे त्यानेच लुटले, असे म्हणावे लागेल. १९९९ चा महाराष्ट्र ठेवीदार हितसंरक्षण कायदा प्रवर्तक, संचालक, व्यवस्थापक आणि कारभारास जबाबदार कर्मचारी यांना ६ वर्षांपर्यंत कैद सांगतो व मालमत्ता जप्तीची तरतूदही करतो. परंतु देखरेखीत कसूर करणाऱ्या निबंधकाचा, जो मल्टिस्टेट संस्थांच्या बाबतीत दिल्लीत बसतो, त्या दंडकलमात उल्लेखच नाही, आणि कायद्यातील सर्वांत गंभीर उणीव हीच आहे.