दोष गाडीचा कीं चालविणाराचा?

एकत्र कुटुंबांत जी वस्तु सर्वांच्या मालकीची असते तिचें नशीब चमत्कारिक असतें. ती सुरळीत चालली तर तिची आठवण कोणासहि होत नाहीं. बिघडली म्हणजे मात्र 'शेवटीं हात कोणाचा लागला?' ही चौकशी प्रथम सुरू होते, आणि 'झालें काय?' हा प्रश्न मागाहून येतो. पूर्वीं हा मान माजघरांतील घड्याळास असे. सांप्रत तो दारांतील मोटारगाडीस मिळाला आहे. आमच्या साताऱ्याच्या घरीं पांच आसनांची, पेट्रोलवर चालणारी, मध्यम आकाराची एक गाडी गेलीं दहा वर्षें आहे. ती चालविणारीं माणसें चार, तींत आळीपाळीनें बसणारीं आठ. आणि तिच्या दुखण्यावर मत देण्यास आठांपैकीं एकहि मागें राहत नाहीं. आम्ही स्वतः गाडी चालवीत नाहीं, म्हणून आमचें मत सर्वांत ठाम असे.

गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या तोंडीं, शाळा सुरू झाल्यावर, एका गुरुवारीं सकाळीं थोरले चिरंजीव गाडी काढावयास गेले. किल्ली फिरवितांच आंतून नुसता 'कट् कट्' असा आवाज आला. इंजिन हललेंच नाहीं. रविवारीं सायंकाळीं धाकट्या सूनबाईंनीं मंडईहून गाडी आणून उभी केली होती. त्यानंतर तिला कोणी हात लावला नव्हता. चौकशी दोन मिनिटांत आटोपली. "दिवे चालू राहिले असतील," चिरंजीव म्हणाले. "राहिलेच असतील," आम्हीं म्हटलें. शक्यता व निश्चय यांतील भेद आम्हीं पस्तीस वर्षें वर्गांत शिकविला. घरीं मात्र एका 'च'नें तो पुसून टाकला. सूनबाई एवढेंच म्हणाल्या, "मामंजी, मीं दिवे बंद केले होते." त्यावर कोणी कांहीं बोललें नाहीं, आणि तें न बोलणें हाच निकाल ठरला.

बॅटरी चार वर्षांची होती, आणि आपल्या हवेंत शिशाच्या बॅटरीचें आयुष्य बहुधा तीन ते पांच वर्षें असतें. सबब नवी घेतली. पंधरवडा लोटतो न लोटतो तोंच पुनः तोच प्रकार. आणि या वेळींहि शेवटचा हात सूनबाईंचाच. आतां तर आमची खात्रीच पटली. त्या दिवसापासून सूनबाईंनीं गाडीच्या किल्लीस स्पर्श करणें सोडलें. रविवारीं दोन पिशव्या घेऊन त्या मंडईस पायीं जाऊं लागल्या. घरांतील प्रत्येकास हें दिसत होतें, परंतु कोणी त्याचा उच्चार केला नाहीं. तीन हजारांची, पांच हजारांची बॅटरी पुनः आणतां येते. घरांत असा अबोला शिरला तर त्याची भरपाई कोणत्या दुकानांत मिळावी?

गाडी तिसऱ्यांदा बंद पडली तेव्हां सूनबाईंनीं तीन आठवडे तिला हातहि लावलेला नव्हता. त्या दिवशीं त्यांनीं एक लहानशी वही आमच्यापुढें ठेवली. गाडी कोणत्या दिवशीं निघाली, किती दिवस उभी राहिली, सुरू झाली कीं नाहीं, एवढेंच तींत टिपलेलें होतें. गाडी तीन दिवसांहून अधिक उभी राहिली कीं बंद पडे, मग शेवटीं ती कोणींहि चालविलेली असो. रोज किंवा दिवसाआड चालली तर एकदांहि बंद पडलेली नव्हती. तर्कसंग्रहांत स्वयंपाकघर व सरोवर यांचे दृष्टांत देऊन जो अन्वयव्यतिरेक शिकवितात, तो हाच: जेथें धूर तेथें अग्नि, आणि जेथें अग्नि नाहीं तेथें धूरहि नाहीं. आमच्या अनुमानांत पहिला अर्धा भाग होता. दुसरा आम्हीं कधीं तपासलाच नव्हता. सूनबाईंनीं गाडी चालविली नाहीं तरी ती बंद पडते काय, हें पाहण्याची बुद्धि आम्हांस झाली नाहीं.

त्या पुढें म्हणाल्या, "मामंजी, उभ्या गाडींतली वीज कुठें तरी झिरपते आहे. बाकीचे सारे दिवे रात्रीं बाहेरून दिसतात. न दिसणारी जागा एकच." असें म्हणून त्यांनीं आपला मोबाईल चित्रण चालू करून डिकींत ठेवला व झांकण लावलें. मिनिटभरानें तें चित्रण आम्हीं सर्वांनीं पाहिलें. झांकण बंद झालें तरी डिकींतील दिवा लख्ख जळतच होता! कुलपापाशीं असलेलें बारीक बटण गंजून अडकलें होतें. दिवा अवघा ५ वॅटचा. १२ व्होल्टच्या बॅटरींतून तो सुमारें ०.४ अँपिअर प्रवाह ओढतो, म्हणजे दिवसाकाठीं १० अँपिअर-तास. ४५ अँपिअर-तासांच्या बॅटरींतून साडेतीन दिवसांत ३५ निघून गेले, तर उरलेल्या दहांवर इंजिन कसें फिरावें? उन्हाळ्याच्या सुटींत गाडी रोज चाले तेव्हां इंजिन ही तूट भरून काढी, म्हणून दोष झांकलेला होता. नवें बटण शंभर रुपयांच्या आंत आलें. आम्हीं त्याच बैठकींत, मुलांनातवंडांदेखत, चूक आमची होती असें सूनबाईंस सांगितलें.

या प्रसंगापासून गाडीचीं नेहमींचीं दुखणीं समजून घेण्याचा आम्हीं परिपाठ ठेवला. त्यांतील घरोघर उपयोगीं पडेल तेवढें येथें देत आहों.

गाडी सुरू होत नसेल तर सेल्फ मारून प्रथम कान द्यावा. जलद 'कट् कट्' असा आवाज होऊन डॅशबोर्डवरील दिवे मंदावले, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टोंकांवरील जोड सैल झाले आहेत. दिवे तेजस्वी असून एकच 'खट्' होत असेल, तर संशय सेल्फच्या मोटरीवर किंवा तिच्या तारेवर घ्यावा. इंजिन जोरानें फिरतें पण पेट घेत नाहीं, अशा वेळीं बॅटरी निर्दोष समजावी. खोट पेट्रोलच्या पुरवठ्यांत किंवा ठिणगींत आहे. विसावलेल्या बॅटरीवर व्होल्टमापक १२.६ दाखवीत असेल तर ती भरलेली, १२ च्या खालीं गेला तर जवळजवळ रिकामी. इंजिन चालू असतां तोच आंकडा १४ च्या आसपास असला पाहिजे. नसेल तर बॅटरी भरली जात नाहीं असें समजावें, आणि नवी बॅटरी घेऊन उपयोग होणार नाहीं. टोंकांवर पांढरा-हिरवट भुगा सांचला असेल तर इंजिन बंद करून आधीं ऋण तार सोडवावी, मग धन. खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्यानें पुसून कोरडें करावें, आणि जोडतांना ऋण तार शेवटीं जोडावी.

दुसरें दुखणें इंजिन तापण्याचें, आणि यांत प्राणाशीं गांठ आहे. यंदाच्या वैशाखांत आम्ही गुहागरास व्याडेश्वराच्या दर्शनास गेलों होतों. परततांना चिपळूण सोडून कुंभार्ली घाट चढूं लागलों. ऊन कडक, गाडींत पांच माणसें, डिकींत आंब्यांच्या पेट्या, आणि एसी चालू. अर्ध्या घाटांत उष्णतामापक कांटा तांबड्या रेघेस टेकला व बॉनेटच्या फटींतून वाफ दिसूं लागली. पुतण्यानें रुंद जागा पाहून गाडी थांबविली, हँडब्रेक ओढला, आणि ओलें फडकें हातांत घेऊन तो रेडिएटरचें झांकण उघडावयास धांवला. सूनबाईंनीं मागून त्याचें मनगट धरलें. "भावजी, हात लावूं नका!" एवढेंच त्या म्हणाल्या.

तें झांकण आंतील दाब धरून ठेवतें, त्यामुळें कूलंट १०० अंशांवर न उकळतां सुमारें १२० अंशांपर्यंत द्रवरूप राहतें. झांकण सैल होतांच दाब जातो, आणि तेंच कूलंट तत्क्षणीं वाफ होऊन उघडणाराच्या तोंडावर उसळतें. फडक्यानें त्यापासून रक्षण होत नाहीं. इंजिन बंद करून किमान अर्धा-पाऊण तास थांबावें, व नळी हातास सोसेल इतकी निवाल्यावरच झांकणाकडे वळावें. आम्ही पाऊण तास करवंदीच्या जाळीच्या सावलींत बसलों. मग पाहतां रबरी नळीवरील पकड सैल होऊन तेथून गळती लागली होती. ती आवळून, पिण्याचें पाणी घालून, हळूहळू पाटण गांठलें. पाणी हा प्रसंगापुरता उपाय. घरीं पोंचल्यावर योग्य कूलंट भरून घ्यावें. त्यांतील इथिलीन ग्लायकॉल चवीस गोड परंतु विषारी असतें, सबब डबा मुलांच्या हातीं लागूं देऊं नये. कांटा नुसता वर सरकूं लागला असेल, तांबड्यापर्यंत गेला नसेल, तर एसी बंद करून हीटर पूर्ण सोडावा. वैशाखांत हा सल्ला वेडेपणाचा वाटेल. पण इंजिनाची उष्णता बाहेर काढण्याचा तो एक मार्ग आहे.

घाट उतरण्याचा नियम जुन्या चालकांस ठाऊक असतो: ज्या गिअरमध्यें चढावें त्याच गिअरमध्यें उतरावें. उतारभर ब्रेक दाबून धरल्यास तो तापून त्याची पकड सुटते. शिवाय ब्रेकमधील तेल हवेंतील ओलावा शोषून घेतें. डॉट ४ या प्रतीचें कोरडें तेल २३० अंशांखालीं उकळूं नये असा नियम आहे. ओलावा शिरल्यावर ही मर्यादा १५५ अंश धरतात. तें उकळलें म्हणजे पायाखालचा ब्रेक मऊ पडतो व तळास जातो. म्हणून दर दोन वर्षांनीं तें बदलावें. पेट्रोल वांचविण्यासाठीं गाडी न्यूट्रलमध्यें सोडणें तर सर्वथा त्याज्य. हल्लींच्या गाड्यांत गिअर असतां ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला कीं पेट्रोल आपोआप थांबतें, सबब त्यांत बचतहि नाहीं. ब्रेक दाबतां 'चीं' असा आवाज नेहमीं येऊं लागला तर पॅड झिजत आले. लोखंडावर लोखंड घासल्यासारखा आला तर ते संपले, गाडी हलवूं नये.

टायरांत हवा गार असतां तपासावी, आणि ती किती असावी तें चालकाच्या दारापाशीं चिकटविलेल्या पट्टीवर पाहावें. टायरवर छापलेला आंकडा कमाल मर्यादेचा असतो. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मध्य झिजला तर अधिक, एकच कड झिजली तर चाकांची रेषा बिघडलेली. टायरवरील चार आंकडे त्याची जन्मपत्रिका होत: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. उभ्या गाडीखालीं स्वच्छ पाणी दिसलें तर भिऊं नये, तें एसीचें असतें. हिरवें किंवा गुलाबी असेल तर कूलंट, आणि काळसर चिकट असेल तर इंजिनाचें तेल. डॅशबोर्डवर तांबडा दिवा लागला तर सुरक्षित जागा पाहून थांबावें. पिवळा लागला तर लवकर मेस्त्रींकडे जावें.

मेस्त्री हल्लीं गाडीस यंत्र जोडून आंकडे वाचतात. तो आंकडा लक्षण सांगतो, कारण नव्हे. पी ०१७१ म्हणजे मिश्रणांत पेट्रोल कमी पडतें आहे; तें बाहेरची हवा आंत शिरल्यानें, पंप दुबळा झाल्यानें, कीं हवा मोजणारें यंत्र मळल्यानें, याचा शोध निराळा. माधवनिदानांत केवळ निदान आहे, औषधें नाहींत. वैद्यानें तें आधीं शिकावें अशी परंपरा. गाडीच्या धन्यानेंहि 'अमुक भाग बदला' असें न सांगतां काय दिसलें तें सांगावें: गाडी गार होती कीं तापलेली, चढ होता कीं उतार, आवाज वेगाबरोबर वाढतो कीं वळणावर येतो. एवढें समजलें म्हणजे चांगल्या मेस्त्रीचें अर्धें काम होतें, आणि वाईट मेस्त्रीस निष्कारण भाग बदलणें अवघड जातें.

याकरितां आमच्या गाडींत आतां सूनबाईंची ती वही कायमची ठेवली आहे. तींत रकाने चार: तारीख, किलोमीटर, लक्षण, आणि केलेला उपाय. 'शेवटीं कोणी चालविली' असा पांचवा रकाना धाकट्या नातवानें सुचविला होता. तो आम्हीं घालूं दिला नाहीं. रविवारीं सूनबाई गाडी घेऊन मंडईस जातात, व पिशव्या धरण्यास आम्ही शेजारीं बसतों.