पंधराव्या ओळीची परीक्षा

सेलू तालुक्यातील देवगाव फाट्यासारख्या ठिकाणचा अभियांत्रिकी पदवीधर पुण्याच्या हिंजवडीतील सॉफ्टवेअर कंपन्यांकडे अर्ज करतो, तेव्हा कोणी त्याला प्रत्यक्ष पाहण्याआधीच त्याच्या रिझ्युमेची, म्हणजे शिक्षण व कौशल्यांच्या लेखी गोषवाऱ्याची, छाननी होते. जागा थोड्या आणि अर्ज उदंड असल्याने अनेक कंपन्या दहावी, बारावी व पदवी या तिन्ही टप्प्यांवर ६० टक्क्यांची अट घालतात आणि संगणकाकरवी ठरावीक शब्द असलेले अर्जच पुढे पाठवतात. अनुभवाचे खोटे दाखले आणि ऑनलाइन मुलाखतीत उमेदवाराच्या जागी दुसऱ्यानेच उत्तरे देणे, ज्याला ‘प्रॉक्सी’ म्हणतात, हे प्रकार पाहता कंपन्यांची सावधगिरी रास्त आहे. परंतु चाळणी यंत्राची असली म्हणून ती निःपक्षपाती ठरत नाही. जुन्या, बहुतांशी पुरुषांच्या अर्जांवरून शिकलेली ॲमेझॉनची प्रायोगिक प्रणाली स्त्रियांच्या अर्जांना कमी लेखत असल्याचे २०१८ मध्ये उघडकीस आले.

उमेदवाराचा खरा कस लहानशा कामातही दिसतो. ‘फिझबझ’ या प्रसिद्ध प्रश्नात १ ते १०० आकडे छापायचे असतात. मात्र ३ ने भाग गेल्यास ‘फिझ’, ५ ने गेल्यास ‘बझ’ आणि दोन्हींनी गेल्यास ‘फिझबझ’ छापायचे असते. ‘नाहीतर’ या शब्दाने जोडलेल्या अटी संगणक वरून खाली तपासतो आणि पहिली जुळताच उरलेल्या सोडून देतो. त्यामुळे ३ ची अट सर्वांत वर असेल, तर पंधराव्या ओळीत नुसते ‘फिझ’ उमटते. ही चूक ओळखून दोन्हींची अट वर नेणारा उमेदवार विचार करणारा असतो. पण त्यामागचे कारण इंग्रजीत सांगताना तो अडखळला, की ‘संवादकौशल्य कमी’ असा शेरा पडतो आणि भाषेची अडचण बुद्धीची उणीव म्हणून नोंदली जाते.

यावर उपाय आहे. सर्वांना तेच प्रश्न विचारून आधी ठरवलेल्या निकषांवर गुण देणारी नियोजनबद्ध मुलाखत आणि प्रत्यक्ष कामाचा नमुना यांवरून पुढील कामगिरीचा अंदाज अधिक चांगला बांधता येतो, असे श्मिट व हंटर या संशोधकांच्या १९९८ च्या संशोधन-आढाव्यातही दिसते. उत्तरामागचे कारण मराठीत सांगण्याची मुभा द्यावी आणि कामापुरते इंग्रजी वेगळे तपासावे. कारण इंग्रजी प्रशिक्षणाने सुधारता येते, परंतु पंधराव्या ओळीतील चूक स्वतःहून हेरणारी नजर एकदा छाननीत गमावली, की ती गेल्याचे कंपनीला कळतही नाही.