आरएनएची घडी

गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा तालुका हा अरण्याचा मुलूख होय. या अरण्यप्रदेशात वेळू विपुल वाढतो. बुरूड वेळू चिरून त्याच्या लवचिक कामट्या काढतो. सुटी कामटी धान्य पाखडू शकत नाही. परंतु वळवून, गुंफून तिचे सूप झाले म्हणजे ती उपयोगाला येते. तिचे काम तिच्या आकारावर ठरते.

सजीवांच्या पेशींत आरएनए नावाचे अतिसूक्ष्म धागे असतात. त्यांपैकी अनेकांची गोष्ट अशीच आहे. मात्र तेथे कोणी बुरूड नसतो. धागा आपला आपणच वळतो.

या धाग्यात अडेनिन, युरासिल, ग्वानिन व सायटोसिन असे चार प्रकारचे घटक मण्यांप्रमाणे ओवलेले असतात. अडेनिनची जोडी युरासिलशी जमते व ग्वानिनची सायटोसिनशी. पहिल्या जोडीत दोन दुवे असतात, दुसरीत तीन. म्हणून दुसरी अधिक घट्ट असते. धाग्याचे दोन भाग अशा जोड्यांनी जवळ आले, की मधला भाग फाशासारखा उरतो आणि केसांत खोवण्याच्या आकड्यासारखी आकृती तयार होते. जमलेल्या जोड्या उतरंडीप्रमाणे एकीवर एक बसतात व घडीला बळकटी देतात. धाग्यावरील ऋण विद्युद्भार एकमेकांस दूर लोटतात. परंतु भोवतालच्या पाण्यातील मॅग्नेशियमचे धन आयन हा विरोध शमवतात. उष्णता फार वाढली, की जोड्या सुटतात आणि घडी उलगडते.

ही घडामोड डोळ्यांना दिसत नाही. म्हणून शास्त्रज्ञ संगणकावर तिची अनुकृती करतात. धाग्यातील व पाण्यातील प्रत्येक अणूची जागा संगणकास सांगितली जाते. कोणता अणू कोणास ओढतो व कोणास लोटतो, याचे गणित करून संगणक प्रत्येकाची पुढची जागा ठरवतो. मग पुन्हा तेच गणित. सेकंदाचे दहा लाख भाग केले, तर त्यांतील एका भागाची हालचाल पाहण्यासाठी अशी सुमारे ५० कोटी पावले मोजावी लागतात! लहानसा आकडा वळण्यास असे कित्येक भाग लागू शकतात.

एवढे गणित करण्यास महासंगणक हवा. पुण्यात १९८८ साली प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, स्थापन झाले. तेथे १९९१ साली ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला. त्याच संस्थेत पुढे महासंगणकांच्या साहाय्याने सजीवांतील रेणूंचाही अभ्यास होऊ लागला.

या खटाटोपाचे प्रयोजन काय? स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयरोगावर गुणकारी ठरलेले पहिले प्रतिजैविक होय. ते जंतूच्या आरएनएतील एका विशिष्ट घडीत जाऊन बसते. त्यामुळे जंतूचे प्रथिने बनविण्याचे काम बिघडते. त्या घडीत अल्पसा बदल झाला, तरी औषध निष्प्रभ ठरू शकते. घडी नीट कळली, तर तिच्यात चपखल बसणारे नवे औषध शोधणे सुकर होते.

तथापि संगणकाचे उत्तर हे अनुमानच असते. ते प्रयोगशाळेत पडताळून पाहावे लागते. सूप चांगले विणले गेले की नाही, हे अखेर धान्य पाखडल्यावरच कळते.